बूट अजून वर्षभर जातील!

रोज सकाळी तीच पाच माणसं टेकडी चढायला लागली, की किस्से साठतातच हो. घरातल्या जुन्या बुटांसारखे. फेकवत नाहीत! आमच्या वेताळ टेकडीच्या ग्रुपचे किस्से तर बहुतेक बुटांचेच आहेत, आणि त्यात मूर्ख बहुतेक वेळा मीच आहे.

मी टायरच्या कारखान्यात तपासणीला होतो. रिटायर झालो, पण अंगठा काही रिटायर झाला नाही. ग्रुपमध्ये कुणाला बूट बदलायचे असले की आधी मला दाखवायचे, असा रिवाजच पडला. मी बूट उलटा करायचो, तळावर अंगठा दाबायचो आणि निकाल द्यायचो, "नक्षी दिसतेय ना? अजून वर्षभर जातील!"

'बदला' असं मी कधी कुणाला म्हणालो नाही.

*

कुलकर्णी बँकेतून निवृत्त झालेले. एकदा ऐन चढणीवर त्यांच्या बुटाने पुढून तोंड उघडलं.

"कुलकर्णी, बूट हसतोय तुमचा!" मी म्हटलं.

"तुमचा निकाल आठवला असेल त्याला!"

रुमालाने बूट बांधून ते खाली उतरले. दुसऱ्या दिवशी तेच बूट चिकटवून हजर! मी अंगठा दाबला आणि पुन्हा पास केले.

*

सुमनताईंना त्यांच्या मुलाने अमेरिकेहून बूट आणले होते. त्यांनी ते चांगल्या प्रसंगासाठी म्हणून माळ्यावर जपून ठेवले. सात वर्षांनी, स्वतःच्या वाढदिवसाला घालून आल्या. पहिल्या वळणापर्यंत दोन्ही तळांचा भुगा!

"अहो, एकदासुद्धा वापरले नव्हते!" त्या रडकुंडीला आल्या.

"तेच चुकलं," कुलकर्णी म्हणाले.

आम्ही खो खो हसलो. ते बूट देऊन गेल्यापासून मुलगा एकदाही आलेला नाही, हे मला पुढे कळलं. फार वाईट वाटलं.

*

ऋचा हिंजवडीत आयटीत आहे, ग्रुपमधली सगळ्यात तरुण. एकदा ती नवे बूट घालून आली.

"आधीच्यांना काय झालं होतं?" मी विचारलं.

"काका, किलोमीटर मोजणाऱ्या ॲपने सांगितलं रिप्लेस करा. वरून छान दिसतात, पण आतलं कुशन डेड झालेलं असतं. मग गुडघे दुखतात."

"ॲपला गुडघे आहेत का?"

सगळे हसले. ऋचाही हसली. मग शेखसरांच्या टाचेकडे बघून एकदम गंभीर झाली. "सर, तुमचे तर कधीच गेलेत. प्लीज बदला."

शेखसर चित्रकलेचे शिक्षक होते. टेकडीच्या माथ्यावर बसून रोज एक चित्र काढायचं, हा त्यांचा अकरा वर्षांचा नेम. त्यांनी बूट काढून माझ्या हातात दिला. "काय म्हणता, परीक्षक?"

टाच पार गुळगुळीत झाली होती. अंगठ्याला ते बरोबर कळलं. पण ऋचासमोर माघार कशी घ्यायची!

"वर्षभर जातील," मी म्हटलं.

*

नवव्या दिवशी सर उतारावरच्या मुरमावरून घसरले. खुबा मोडला.

हॉस्पिटलमध्ये मला बघून म्हणाले, "आठ दिवस गेले हो. काही कमी नाहीत!"

टाच गेलेली मला तेव्हाच कळली होती, हे सांगायला मी तीनदा गेलो. तिन्ही वेळा मंडईतून घेतलेली मोसंबी उशाशी ठेवून परत आलो.

त्यानंतर ग्रुपमध्ये मला कुणी बूट दाखवला नाही. मीही मागितला नाही.

*

परवा शेखसर रिक्षाने टेकडीच्या पायथ्याशी आले. हातात काठी. वर जाणं आता होणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. ते कट्ट्यावर बसले, म्हणून आम्हीही बसलो. सरांनी बराच वेळ माथ्याकडे बघितलं. मग काठी उलटी करून माझ्यासमोर धरली.

"परीक्षक, तेवढं रबर बघा हो. अजून किती जाईल?"

मी अंगठा दाबला. रबर कोरं होतं, दुकानाचं स्टिकरसुद्धा निघालं नव्हतं.

"बदला," मी म्हटलं. "आजच बदला, सर."