पाठ केलेला तक्ता

आमचं काम गाड्या पोचवण्याचं. गाडीतला माल नव्हे, गाडीच. कारखान्यातून निघालेला नवा ट्रक, बसची बॉडी न चढवलेली नुसती चेसिस, विकला गेलेला जुना टेम्पो, ट्रेलर ओढणारं पुढचं धूड, ज्याला आमच्यात घोडा म्हणतात, असं काहीही. कधी सोलापूर, कधी इंदूर, कधी पार ओडिशा. ड्रायव्हर गाडी चालवत नेतो, पावतीवर सही घेतो, स्वतःही करतो, आणि मिळेल त्या बसने पुण्याला परत येतो. मार्केट यार्डाजवळच्या ऑफिसात मी हे काम वीस-बावीस वर्षं करते आहे. सुरुवातीला एक टेबल होतं, एक फोन आणि एक ड्रायव्हर. तो ड्रायव्हर म्हणजे माझा थोरला भाऊ.

वडील गेले तेव्हा मी शाळेत होते. मांजरीत आमचं घर, दादा ट्रकवर. माझं कॉलेज त्यानेच केलं. नुसत्या चेसिसवर फळीचं आसन दोरीने बांधायचं, तोंडाला पंचा गुंडाळायचा, गॉगल लावायचा आणि वाऱ्यात हजार किलोमीटर जायचं, असं करून त्याने मला शिकवलं. मी धंदा काढते म्हणाले तेव्हा त्याने एवढंच विचारलं, "पहिली गाडी कुठं न्यायचीय?" ऑफिसात तो मला मॅडम म्हणायचा, मुद्दाम, सगळ्यांसमोर. घरी बारके म्हणायचा.

दरवर्षी ड्रायव्हरांचे डोळे तपासून दाखला द्यावा लागतो, त्याशिवाय कारखाना गाडी ताब्यात देत नाही. नारायण पेठेतले एक म्हातारे डॉक्टर त्यासाठी ऑफिसात येत. अक्षरांचा तक्ता वर्षभर आमच्याच भिंतीवर, पाण्याच्या पिंपाच्या वर लटकलेला असे. गाडी तयार होईपर्यंत ड्रायव्हर त्याच्यासमोर बसून चहा पीत. त्यामुळे तो तक्ता सगळ्यांना पाठ होता. हे मला माहीत होतं, डॉक्टरांनाही असावं. कुणी बोलत नव्हतं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मार्चअखेर होती, आवारात गाड्या उभ्या, ड्रायव्हर कमी. दादाची पाळी आली. डॉक्टरांची काठी दुसऱ्या ओळीवर होती आणि दादा तिसरी वाचून मोकळा झाला होता. सगळे हसले. मीही हसले. त्याला साखर आहे हेही मला माहीत होतं. पण त्या संध्याकाळी तीन घोडे नागपूरला निघायचे होते. मी दाखल्यावर शिक्का मारला आणि गाडीचे कागद त्याच्या हातात दिले.

त्यानंतर दोन वर्षं तो गाड्या नेत होता.

गेल्या वर्षी इंदूरहून गाडी घेणाऱ्या पार्टीच्या माणसाचा फोन आला. म्हणाला, "मॅडम, आपके ड्राइवर ने आधा साइन कागज़ पे किया, आधा टेबल पे." तो हसत होता. फाटकाच्या खांबाला गाडी घासली होती, तेही त्याने सांगितलं. दादा परत आल्यावर मी विचारलं.

"खांब वाकडा व्हता."

"आणि सही?"

"टेबल हलत व्हतं."

"दादा, डोळे दाखवूया चांगल्या ठिकाणी."

"माझं डोळं तुझ्यापेक्षा बरं हायेत. चष्मा तुला लागलाय, मला न्हाई. दर साली पास हुतोय का न्हाई? तूच शिक्का मारतीस नव्हं?"

मला पुरावा हवा होता, आणि तो मी धंद्यातल्यासारखा मिळवला. डॉक्टरांना फोन करून म्हटलं, "या वेळी तक्ता बदलूया."

"म्हणजे इतकी वर्षं आपण पाठांतराची परीक्षा घेत होतो, असं म्हणा ना," ते म्हणाले. नवा तक्ता त्यांनीच आणला आणि जुन्याच्याच खिळ्यावर लावला.

तपासणीच्या दिवशी पहिला ड्रायव्हर उभा राहिला आणि गडबडला. मग सगळ्यांना कळलं. "यंदा पेपर फुटला नाही राव," असं कुणीतरी म्हणालं. ज्यांचे डोळे चांगले होते, त्यांनी नवी अक्षरं वाचली आणि ते पास झाले. दादा बाहेर टपरीवर होता. तो शेवटी आला. त्याला कुणी सांगितलं नाही. मीही नाही. माझ्या मनात होतं, चार अक्षरं चुकेल, डॉक्टर चिठ्ठी देतील, मी दवाखान्यात घेऊन जाईन. इतकंच.

तो ताठ उभा राहिला, शाळेत राहतात तसा. डॉक्टरांनी काठी ठेवली. दादाने खणखणीत आवाजात सुरुवात केली. ग, म, प. मग दुसरी ओळ, मग तिसरी. तो जुना तक्ता म्हणत होता. त्यातलं एकही अक्षर भिंतीवर नव्हतं. कुणीतरी फिस्स करून हसलं आणि गप्प झालं. त्याला थांबवणं माझं काम होतं. मी थांबवलं नाही, मला ते सुचलंच नाही. त्याने अगदी खालची ओळ संपवली, खिशातून पेन काढलं आणि म्हणाला, "झालं. सही कुठं करू?"

आठ-दहा माणसं होती. शेवटी एकजण हळूच म्हणाला, "दादा, तक्ता बदललाय."

दादा माझ्याकडे वळला. म्हणजे मी असेन असं त्याला वाटलं तिकडे. तिथे कपाट होतं. कपाटाकडे बघून तो म्हणाला, "मॅडम, सांगायचं व्हतंस."

पेन खिशाला लावून तो बाहेर गेला. पायरीवर पाय चाचपत उतरला, ते सगळ्यांनी पाहिलं.

आठवड्याने वहिनी आणि मी त्याला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेलो. साखरेने डोळ्यांचे पडदे खराब झाले होते. उजवा गेल्यातच जमा, डाव्याने सावल्या दिसत होत्या. तिथली डॉक्टरीण तरुण होती, फाइलमध्ये बघत बोलली. "दोन वर्षांपूर्वी आणलं असतं तर लेझरने बरंच वाचलं असतं. घरात कुणाच्या लक्षात नाही आलं?"

वहिनी म्हणाली, "ते सांगत्यात कुठं."

मी फाइल उचलली आणि बाहेर येऊन रिक्षा बोलावली.

भाऊबीजेला मी मांजरीला गेले, ओवाळलं आणि ताट खाली ठेवायच्या आधी सांगून टाकलं. त्या मार्चमध्येच मला कळलं होतं दादा, गाड्या निघायच्या होत्या म्हणून मी बोलले नाही. त्याने ओवाळणी टाकली. नोट ताटाच्या बाहेर पडली, वहिनीने उचलून आत ठेवली. त्यानंतर मी फोन केला की वहिनीच उचलायची. "झोपल्यात," म्हणायची. सकाळी अकरालाही झोपलेले.

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. पाच महिन्यांनी. मी ऑफिसात एकटी होते.

"बारके, त्या नव्या तक्त्यावर काय लिवलंय?"

मला वाटलं भांडायला फोन केलाय. पण तो थांबून राहिला होता. मी उठून भिंतीपाशी गेले आणि वाचायला लागले. एकेक ओळ. तो माझ्यामागून म्हणत होता. सर्वांत खालची ओळ मलाही दिसेना. चष्मा आणला, खुर्चीवर चढले आणि तीही वाचली.

"थांब आता," तो म्हणाला आणि पहिल्यापासून सगळा तक्ता म्हणून दाखवला. मी बोट ठेवून तपासत गेले. एकही चूक नव्हती.

"पास का, मॅडम?"

हो म्हणायला काय जात होतं माझं? एक शब्द. तीन वर्षांपूर्वी मी तो शिक्क्यासकट दिला होता. खुर्चीवर उभी राहून मी म्हणाले, "दादा, साखरेची गोळी घेतलीस का?"

त्याने फोन ठेवला.