नाझरभाऊजींची गार मोटार

उन्हाळ्यात आमच्या आळीत संध्याकाळी ओट्यावर दोनच गोष्टी निघतात. रांजणातलं पाणी आणि शेजाऱ्यांचे किस्से. पाणी लवकर संपतं. किस्से उपसावे तितके झिरपत राहतात! आणि नाझरभाऊजींच्या मोटारीचे तर असे की एक सांगायला घेतला की मागचे चार पुढे येऊन उभे!

हे आज लिहायला बसण्याचं कारण वेगळंच. परवा विहिरीवर गेले, तर रहाटाच्या कुरकुरीतून ऐकू आलं, "नाझरानं जळगावहून माणूस पळवून आणला म्हणते! भरदुपारी, मोटारीत कोंडून, बाहेरून कडी लावून. अन् तो बी कोण, तं..."

तेवढ्यात मी दिसले आणि सगळ्या गप्प! बाई गं, त्या मोटारीत मी स्वतः बसले होते. मला पाहून गप्प कशाला बसायचं? मलाच विचारायचं!

*

नाझरभाऊजी म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारे. खामगावच्या तहसिलीत नाझर होते, आता पेन्शनीत. बायको माई. एकुलती एक लेक कुसुम, ती जळगाव जामोदला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, ही तर आपली रीतच. पण दिवस भरत आले ते नेमके वैशाखात. कुसुमचे सासरे बापूसाहेब मोठे शेतीवाले, मनानं चांगले, पण एक धसका घेतलेला. मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या भाचीला रस्त्यात ऊन लागलं होतं. वाचली, पण कशीबशी.

त्यांनी निरोप धाडला, "प्रवाशांच्या सर्व्हिस मोटारीत नाही, अन् छकड्यात तं नाहीच नाही. आमच्या ओसरीइतकी गार गाडी आणा अन् खुशाल न्या. नाहीतर पोरगी इथंच राहील."

माई दिवसभर पदरानं डोळे पुसत होत्या. भाऊजी उठले, टोपी घातली आणि म्हणाले, "ओसरीइतकी ना? आणतो!"

आणि एका कापसाच्या जिनिंगवाल्याची मोडीत निघालेली लॉरी अंगणात आणून उभी केली. वर पत्र्याची पेटी ठोकली. आत खाट, बाकडं, मडक्यांची घडवंची आणि मधे लुगड्याचा पडदा. चाकांवरचं घरच म्हणा ना!

पहिल्या दिवशी भाऊजी भरदुपारी आत बसून पाहायला गेले. बाहेर आले ते वांग्यासारखे भाजून! तेवढ्यात माईंनी टपावर सांडगे वाळत टाकले होते. दिवस कलायच्या आत कडकडीत!

माई म्हणाल्या, "तुमची मोटार गार होवो न होवो, माझं वर्षाचं वाळवण झालं!"

भाऊजी एवढंच बोलले, "गार होईल."

*

मग त्यांनी डोकं चालवलं. शेतातल्या खोपीवर कडबा असतो, म्हणून खोपी गार. मोटारीवर कडबा घातला तर? चांगला हातभर जाड थर रचला, दोरखंडानं आवळला आणि ट्रायलला निघाले. ड्रायव्हर रहीमभाई.

खरंच बरं वाटत होतं हो! पण वाटेत चहाला थांबले. वैशाखाचा महिना, रानात काडी नाही, आणि समोर ज्वारीचा कडबा भरलेली मोटार! आमच्याकडचं कुठलं जनावर सोडेल? चहा होईस्तोवर म्हशींनी छपराचे दोन्ही काठ साफ केले. रहीमभाई कपबशी टाकून ओरडले, "साहब, अपना छप्पर जा रहा है!"

दुसऱ्या दिवशी म्हशीवाला भांडायला दारात हजर.

"ओ नाझरसाहेब, काय करून ठेवलं हे? आमची म्हैस आता मोटार दिसली का मागं पळून राह्यली! काल सर्व्हिस मोटारीमागं गेली. दूध काय तुमच्या ड्रायव्हरनं काढावं?"

*

कडबा उतरला. टपाला चुना लागला, चुन्यावर ओलं गोणपाट आलं, आणि खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या. वर बुडाला बारीक भोक पाडलेली मडकी टांगून थेंब थेंब पाणी ताट्यांवर पडेल अशी सोय. मोटार पळाली की वारा ओल्या वाळ्यातून आत शिरायचा. अहाहा! मोटार थांबली की आत परत भट्टी.

पण पाण्याला वाटेकरी निघाला. नांदुऱ्याच्या रस्त्यावर इंजिनातून वाफ निघाली. रहीमभाई खाली उतरले, "साहब, इंजन को पानी होना!"

भाऊजींनी मडकं छातीशी धरलं. "ते पाणी ताट्यांचं आहे."

"इंजन बैठ जाएगा साहब!"

"बसू दे! इंजिन बाळंत होणार आहे का?"

शेवटी दोघांनी मिळून एका मळ्यातल्या मोटेवरून पाणी आणलं. आधी ताट्या, मग इंजिन! भाऊजी काही हटले नाहीत.

*

आता शेवटची परीक्षा. भाऊजी माझ्याकडे आले. "वहिनी, कुसुमला त्रास होईल का हे कोणी बाई माणसानंच सांगावं. तुम्ही खाटेवर आडव्या होता का? अन् पोटाशी एक उशी बांधा, म्हणजे धक्के कसे बसतात तेही समजंल."

लेकराचं काम, नाही कसं म्हणायचं? पोटाशी उशी बांधली, वरून पदर घेतला आणि खामगावभर फेरी मारून आले. मोटार गार, धक्के बेताचे. पण उतरताना उशी सरकायला लागली, म्हणून माईंनी एका हाताला धरलं आणि रहीमभाईंच्या बायकोनं दुसऱ्या. समोरच्या ओट्यावर बायका गहू निवडत बसलेल्या!

संध्याकाळी आमचे हे जिनिंगमधून घरी आले ते रागानं लाल. मी पन्नाशीला टेकलेली, घरात सून आलेली.

"काय वं," म्हणाले, "अख्ख्या जिनिंगनं पेढे मागितले. मलेच शेवटी सांगून राह्यली का?"

*

आणि मग निघालो. पहाटेच्या गारव्यात जळगाव गाठलं. बापूसाहेबांनी मोटारीला एक चक्कर मारली, वाळा हुंगून पाहिला, आणि म्हणाले, "सकाळी काय, उकिरडाही गार असते. भरदुपारी मी स्वतः बसून पाहीन."

"पाहा जी," भाऊजी म्हणाले. "पण पळत्या मोटारीत पाहावं लागंल. वेशीपर्यंत एक फेरी मारू."

माई हळूच म्हणाल्या, "मग कुसुमलाही घेऊ. तिलाही सोसतं का ते समजंल."

दुपारी ऊन असं की कुत्रंही सावली सोडेना. पडद्याआड खाटेवर कुसुम, तिच्या पायथ्याशी माई आणि मी. पडद्याअलीकडे बाकड्यावर बापूसाहेब, आमरसाचं जेवण चार घास जास्तच झालेलं. भाऊजी पुढे रहीमभाईंजवळ. मोटार हलली, ओला वारा आत आला. बापूसाहेब म्हणाले, "हं." थोड्या वेळानं म्हणाले, "दार फटफट करून राह्यलं, झळ आत येते." त्यांनीच आतून कडी लावली. मग काहीच नाही. मग घोरणं!

वेस आली. रहीमभाईंनी विचारलं, "फिराऊं क्या साहब?"

भाऊजींनी मागच्या जाळीतून डोकावून पाहिलं. आधी व्याह्यांकडे, मग पडद्याकडे. म्हणाले, "जेवून निजलेल्या माणसाले उठवू नये, रहीमभाई. सीधे चलो."

पूर्णा नदीच्या पात्रात वाळूत चाक रुतलं. वारा बंद! मडकी रिकामी, इंजिनातून वाफ, आणि बघता बघता कुसुमचा चेहरा लाल व्हायला लागला. माई पदरानं वारा घालत देवाचं नाव घेत होत्या. मी खिडकीतून पाहिलं, तर भाऊजी धोतर खोचून अनवाणी, त्या तापल्या वाळूतून डोहाकडे पळत होते! घागर आणली, टपावरच्या गोणपाटावर रिकामी. पुन्हा पळाले, दुसरी ताट्यांवर. रहीमभाई बिचारे इंजिनासमोर आपल्या पाळीची वाट पाहत उभे. तिसरी घागर त्यांना मिळाली. एका भल्या गाडीवाल्यानं बैल जुंपून मोटार ओढून काढली आणि वाळ्यातून पुन्हा गार वारा आला. कुसुम म्हणाली, "आई, आता बरं वाटते." तेव्हा कुठे माईंचा पदर थांबला.

पडद्याअलीकडे घोरणं चालूच!

खामगावात अंगणात मोटार थांबली, ऊन अजून तापलेलंच. ते थांबणं मात्र बापूसाहेबांना जाणवलं. डोळे चोळत विचारलं, "वेस आली का?"

"आली जी," पडद्यामागून माई म्हणाल्या.

"मग परत फिरवा."

पुन्हा माईच म्हणाल्या, "वेस खामगावची आहे जी."

कुसुमला हसू आवरेना, तिनं तोंडात पदर कोंबला. बापूसाहेब उठले. कडी काढली, दार उघडलं. समोर पायाला फोड आलेले भाऊजी हात जोडून उभे, आणि बाहेरची गरम झळ भसकन तोंडावर आली.

बापूसाहेबांनी त्यांच्या पायांकडे पाहिलं. वळून पडद्याकडे पाहिलं. "पोरीले आधी घरात न्या," म्हणाले. आम्ही कुसुमला धरून उतरवलं.

भाऊजी म्हणाले, "तुम्ही पण चला जी. ओसरीवर सतरंजी टाकतो."

"तुमची ओसरी राहू द्या," बापूसाहेब म्हणाले. "ताट्यांवर पाणी मारा, अन् गावातून एक चक्कर होऊ द्या."

दार ओढून घेतलं, आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला.