वास्तेवाली बाई आणि तिची लेक

कुरखेड्याच्या आठवडी बाजारात ती वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, विकायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. शेजारी तिची लेक बसायची. वय सात, उंची तीन वर्षांच्या पोरीएवढी. हाडंच तशी आहेत, औषध नाही, असं डॉक्टरांनी बाईला सांगून टाकलं होतं. गिऱ्हाइकांकडे मात्र औषधं भरपूर. कुणी पोरीला झाडाला लोंबकळायला सांगायचं, कुणी ताईत सुचवायचं. बाई प्रत्येकाला "हो, हो" म्हणत निवडून कोंब द्यायची.

एकदा मीही शहाणपणा केला. "पोरीला हेच खाऊ घाला. बांबू बघा कसा सरसर वाढतो!"

ती हसली. "मी लहानपणापासून हेच खाऊन राह्यली, भाऊ. मी कुठी बांबू झाली?"

ओशाळून मी कौतुकानं लेकीला उचलून घेतलं. तिचं अंग एकदम ताठ झालं.

"खाली ठेवा तिले," बाईचा आवाज प्रथमच चढला. "दुसरीत हाय ते. तिले विचारलं का तुमी?"

मी तिला खाली ठेवलं आणि "चुकलो" म्हणालो.

लेकीनं फ्रॉक झटकला. "काका, वास्ते घेता का नुसतं सांगाले आले?"