अनवाणी दिलेली मुलाखत

वेवजीच्या माझ्या घराला कधी कुलूप नव्हतं. निघायच्या दिवशी मुलीनं, सुमननं, तलासरीच्या बाजारातून आणलं, तेव्हा धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, आम्ही चोर काय?" मी म्हटलं, "तू नाहीस, पण तुझ्या बकऱ्या आहेत." सगळे हसले. मीही हसलो, अन् जीपमध्ये बसल्यावर रडलो. तुमची वहिनी जाऊन एक पावसाळाही उलटला नव्हता. पाड्यावरच्या भावांनो, मसोलीत लेकीकडं काय करतोस म्हणून विचारता, ते लिहितो. चौथी शिकलेला माणूस आहे, चुकलं तर समजून घ्या.

सुमनची एकच खोली. जावई भला आहे, पण भला आहे म्हणून त्याच्या ताटात रोज हात घालायचा काय? मी सांगून टाकलं, काम मिळालं तर राहीन, नाहीतर परत. बोललो खरं, पण परत जायचीच भीती होती. तुमच्या वहिनीच्या मागं वेवजीच्या घरात मी चूल पेटवली नव्हती. भावजयीनं दिलेली भाकरी अंगणात बसून खायचो. आत फक्त झोपायला जायचो.

मग जावयानं खबर आणली. जारमध्ये पाणी भरून विकतात त्या प्लांटवर ऑपरेटर पाहिजे, सोमवारी मुलाखत. आपल्याकडं पाणी म्हणजे विहीर अन् बायकांची डोकी. इथं त्याला मोटर, फिल्टर, प्रेशर दाखवणारा काटा, क्षार मोजायचं मीटर. जावयानं तिथल्या माणसाला विचारून सगळं कागदावर लिहून आणलं, अन् सुमन भाकऱ्या थापता थापता त्यातलं विचारायची.

"बा, प्रेशर चढलं तर?"

"आधी मोटर बंद."

"मग?"

"फिल्टरला उलटं पाणी मारायचं. अडकलेली घाण निघते."

एकदा चुकलो तर बोलून गेली, "थांब, आईला सांगते." तव्यावरची भाकरी करपली तेव्हा तिनं पुढचा प्रश्न विचारला. भात लावताना मी कधी चुकलो नाही, पण त्या मीटरचं नाव घेताना जीभ जड व्हायची.

सोमवारी धुतलेला सदरा घालून गेलो. शेठ गुजराती, तरणा. विचारलं ते सगळं सांगितलं. खूश होऊन म्हणाला, "चालो काका, मशीन चालू करून दाखवा." मी बटनांच्या पेटीसमोर गेलो, चप्पल काढून बाजूला ठेवली, हात जोडले अन् बटनाकडं हात नेला. खाली जमीन ओली.

"काका! मरी जशो! मराल! चप्पल घाला!" शेठनं दंड धरून मागं ओढलं.

मला काही कळेना. आपल्यात खळ्यात कोणी चप्पल घालून जातं काय? माझी आई म्हणायची, "जिथं पोट भरतं तिथं पाय उघडे." इथं पोट भरायचं म्हणून काढली. शेठ म्हणाला, "ओल्या जमिनीवर उघड्या पायानं करंट लागतो. एवढं पण शिकवलं नाही कोणी?" नव्हतं शिकवलं. सुमनला वाटलं असेल, बापाला एवढं तर ठाऊक असेल.

मी म्हटलं, "तुमचं बरोबर आहे. जातो." चपला हातात घेऊन निघालो. आता परत वेवजी, ते अंगण अन् ती भाकरी.

मागून शेठ म्हणाला, "अरे, अजून हातातच? पायात घाला! आधीचा ऑपरेटर दारू पिऊन यायचा, तुम्ही मशीनला नमस्कार तरी करता. महिनाभर बघतो. गमबूट मी देतो. पुन्हा उघडे पाय दिसले तर छुट्टी."

खोलीवर येऊन सुमनला हसत हसत सांगितलं. ती हसली नाही. भडकली. "मेला असतास म्हणजे, बा! आई गेली ती गेली, आता तू पण?" हातातली परात आपटली तिनं. मला वाटायचं, माझ्यावर असं ओरडणारी एकच होती, तुमची वहिनी, ती गेली.

आपण मेलो असतो म्हणून जिथं कोणी परात आपटतं, ते घर. मला तरी आता एवढंच कळतं.

काम चालू आहे. गमबूट घालूनच हात जोडतो, मनात माझ्या आईची माफी मागतो. परत कधी येतोस, हे विचारू नका. सणाला येईन, पाहुण्यासारखा. पाहुणा लिहिताना हात अडला, पण खरं तेच आहे.