नायिकेच्या साडीचा रंग

आम्ही नागपूरचे कोष्टी. टॉकीजला जुना प्रेमाचा सिनेमा पुन्हा लागला, की आमच्या मोहल्ल्यातल्या बायका आधी नायिकेची साडी बघायच्या आणि मग रडायच्या. अशाच एका सिनेमात विरहाच्या गाण्याला नायिका बारीक चौकड्यांची साडी नेसली होती. बाबांनी घरी येऊन तश्शीच साडी विणायला घेतली. अडलं ते रंगावर.

“पडद्यावर तर सारं काळंपांढरंच होतं वं. सूत कोणतं घेऊ?” त्यांनी आईला विचारलं.

आई सुताच्या कांड्या भरता भरता तेच गाणं गुणगुणत होती. ती उखडलीच. “काहून, गाणं नाही आयकलं का तुम्ही? असं गाणं जांभळ्या साडीतच म्हणता येते!”

बाबांनी जांभळं सूत घेतलं. ती साडी सिनेमाच्या नावाने इतकी खपली, की पार उमरेडपर्यंतच्या हातमागांवर जांभळंच सूत चढलं.

आता मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या नातवंडांना शपथेवर सांगतात, की त्या गाण्यात नायिका जांभळी साडी नेसली होती, आम्ही डोळ्यांनी पाहिली. मी त्यांचं बोलणं खोडत नाही. सिनेमा काढला मुंबईवाल्यांनी; रंगवला माझ्या आईने.