आमच्या नाल्याचा फोटो

माझं शिक्षण आष्टी तालुक्यातल्या एका साध्या शाळेत झालं. घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. आता सेवाग्रामला एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. दिवसभर सूक्ष्मदर्शकाखालच्या काचा पाहायच्या, म्हणून असेल, पण उजेड थोडा कमी-जास्त केला की तीच वस्तू वेगळी कशी दिसते, याचं मला फार कुतूहल. त्यातूनच एक जुना कॅमेरा घेतला.

ते कळल्यावर शाळेतल्या भूगोलाच्या सरांचा फोन आला. म्हणाले, "अरे, सातवीत तू पेपरात लिहिलं होतंस, आमच्या भागात धबधबा नाही. मी तुझा एक गुण कापला होता. आठवतं?"

"आठवतं सर."

"पोरं अजून तेच लिहितात. तुमच्या शेतामागं नाला दगडावरून खाली पडतो ना, त्याचा फोटो दे. भूगोलाच्या खोलीत मोठा छापून लावतो. पण पोरांनी ओळखला पाहिजे. सोमवारी छापायला पाठवायचाय. नाही जमला तर कॅलेंडरवरचा परदेशी धबधबा आहेच माझ्याकडे."

त्या सरांनीच मला कॉलेजचा फॉर्म भरायला लावला होता. त्यांच्या भिंतीवर कॅलेंडर लागलं तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही, असं मला वाटलं. शनिवारी पोळा होता. सुट्टी मिळाली आणि मी गावी गेलो.

सकाळीच नाल्यावर पोचलो. पुरुषभर उंचीचा काळा दगड, त्यावरून पाणी पडतं आणि खाली कमरेएवढा डोह. पण पाणी चहासारखं! वरच्या अंगाला अख्खं गाव बैल धुवायला उतरलेलं. पोळ्याच्या सकाळी नाल्यावर दुसरं काय असणार? शहरात राहून एवढंही माझ्या ध्यानात राहिलं नव्हतं. बाबा आमची जोडी घासत होते. मला पाहून ते ओरडले, "काऊन रे, बैलाच्या आंघोळीचा फोटो काढून राह्यला का?" सगळे हसले.

रविवारी तान्हा पोळा, लहान पोरांच्या लाकडी बैलांचा दिवस. नाला मोकळा होता, पाणी निवळलं होतं. पुस्तकात वाचलं होतं की शटर जितकं जास्त वेळ उघडं ठेवावं, तितकं पाणी मऊ दिसतं. कॅमेरा हलू नये म्हणून आईकडून कापडी पिशवीत ज्वारी भरून घेतली होती, ती दगडावर ठेवून तिच्यात कॅमेरा रुतवायचा. देताना आई म्हणाली होती, "ज्वारी परत आणजो. नाल्याले दान करून येशीन." दोन-दोन सेकंदांचे फोटो काढले. पाणी रेशमासारखं आलं. मी खूश होऊन घरी आलो आणि बाबांना दाखवलं.

त्यांनी कॅमेरा लांब धरून पाहिला, मग जवळ. "हा कोठचा हाय?"

"आपलाच नाला, बाबा."

"काहीतरीच सांगते! इथं त कोणी दुधाचा डबा सांडला. पाणी कुठं हाय याच्यात?"

"पाणी वाहतं म्हणून तसं दिसतं."

"वाहते त वाहताना दिसलं पाहिजे ना बाप्पा. हे त गोठलं."

मला राग आला. पण नीट पाहिलं तेव्हा पटलं. पाण्याच्या वेगवेगळ्या धारा एकमेकींत मिसळून पांढरा पट्टा झाला होता. दगडही ओला चमकून पांढरट पडला होता. हा नाला कुठलाही असू शकत होता. चाळीस वर्षं तो ओलांडणाऱ्या माणसाला जो ओळखू येत नाही, तो पोरांना कसा येणार? दुपार झाली होती, हाती एकच संध्याकाळ होती.

"चला तुम्हीही," मी म्हणालो.

बाबांनी चप्पल काढली आणि थेट पाण्यात उतरले. मी सकाळी काठावर उभा होतो. ते डोहाच्या खालच्या टोकाला, जिथून बैलगाडी पलीकडे जाते तिथे जाऊन थांबले. "आम्ही नाला इथून पाह्यतो," ते म्हणाले. "पाणी कितीक हाय, जोर कितीक हाय, सारं इथूनच समजते."

मी तिथे एका दगडावर ज्वारीची पिशवी ठेवली. ढग येईपर्यंत थांबलो, कारण उन्हात पाण्याचा पांढरा भाग फोटोत नुसता कोरा येतो. दगडाची चमक कापणारी काच भिंगापुढे हळूहळू फिरवली, तसा दगड पुन्हा काळा झाला. आणि शटर उघडं ठेवायचा वेळ कमी करत गेलो. एक सेकंद, अर्धा, पाव. पाव सेकंदाला धारा सुट्या झाल्या. त्याहून कमी केलं की पाणी काचेच्या तुकड्यांसारखं टोचायचं. एवढ्याशा फरकात एवढं बदलतं, हे पाहत मी किती फोटो काढले ते कळलं नाही. बाबाही मागून विचारत होते, "आता काय फिरवलं? मले दाखव."

पाव सेकंदाचा फोटो त्यांच्यासमोर धरला. त्यांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर, फोटोतल्या एका दगडावर बोट टेकवलं. "इथं पाय नको टाकजो. शेवाळ हाय, घसरशीन. या बाजूनं ये."

तोच फोटो मी त्याच संध्याकाळी सरांना पाठवला.

आठवड्याने सरांचा फोन आला. मागे वर्गाचा गोंगाट होता. "लावला रे. पोरांनी दारातूनच ओळखला. पण आता भांडण लागलंय. अर्धे म्हणतात धारा चार, अर्धे म्हणतात पाच. तू काढलास, तू सांग."

मी मोजल्या नव्हत्या. फोटो मोठा करून पाहिला. चार तर स्पष्ट होत्या. उजव्या कपारीत आणखी एक बारीक पांढरी रेघ होती. ती धार होती की ओल्या दगडाची राहून गेलेली चमक, मला सांगता येईना.

"सर," मी म्हणालो, "पोरांनाच नाल्यावर घेऊन जा."