हवालदारांना काहीच दिसलं नाही

हवालदार आकाराम खोटं बोलत नाहीत, असं त्यांचं सगळं गाव सांगेल. माझा अनुभव वेगळा आहे.

इस्लामपूरजवळचा हा माणूस तरुणपणी नावाजलेला पैलवान होता, मग फौजेत गेला. सीमेवर एका स्फोटात शेजारचा सोबती गेला, हे वाचले. गावी परतले ते हलगीची धास्ती घेऊन. हलगी कडाडली की हात कापायचे, घाम फुटायचा. यात्रेतलं कुस्त्यांचं मैदान सुरू झालं की ते उसाच्या फडात जाऊन बसायचे. गोळ्या झाल्या, समुपदेशन झालं, उतार काही पडेना.

सांगलीतलं आमचं संशोधन अशाच लोकांसाठी चाललं होतं. भास घडवणाऱ्या काही औषधांनी मनाची दुखणी हलकी होतात, असं दिसू लागलं आहे. पण आधीच दचकलेल्या माणसाला वर आणखी भास कोण देणार? म्हणून औषधाच्या घडणीत फेरफार करून गुण ठेवायचा आणि भास काढून टाकायचा, असा आमचा खटाटोप. भास झाला की औषध बाद.

डोस दिल्यावर मी विचारायची, "काही दिसतंय का?" हवालदार म्हणायचे, "न्हाई, बाई." एकदा मात्र म्हणाले, "दिसलं. पांढऱ्या घोड्यावर देव. हातात तलवार, मागं पिवळं आभाळ."

नियमाप्रमाणे त्यांचा डोस थांबवला, सगळी चाचणीच गुंडाळायची वेळ आली. आणि हा माणूस तर नुकता कुठे शांत झोपू लागला होता.

त्यांच्या पत्नी लीलाबाई बाहेर बसल्या होत्या. त्यांना आत बोलावून सगळं सांगितलं. त्या नवऱ्याकडे वळल्या. "आवं, ह्यो तर आपल्या चुलीम्होरच्या क्यालेंडरातला खंडोबा."

हवालदारांनी मान खाली घातली. "डॉक्टरीणबाई एवढ्या आशेनं इचारत्यात. दर खेपंला न्हाई म्हनायचं बरं वाटंना."

माझा पारा चढला. आमच्याकडे पाहुण्याला रिकाम्या हाती पाठवत नाहीत हे खरं, पण म्हणून भाससुद्धा द्यायचा?

"हवालदार, पहाऱ्यावर साहेबांना काय सांगायचात?"

"जे दिसंल त्येच."

"मग इथं खरं काय दिसलं?"

"छताचा पंखा. बंद हुता."

घडलं ते जसंच्या तसं चाचणीवर देखरेख ठेवणाऱ्या समितीला कळवलं. दुसऱ्या डॉक्टरांनी हवालदारांना वेगळं बसवून पुन्हा खोदून विचारलं, आणि डोस परत सुरू झाला. शेवटपर्यंत कुणालाच भास झाला नाही. बहुतेक जण सावरले. औषध पुढच्या टप्प्यात गेलं, त्या दिवशी आम्ही प्रयोगशाळेत चक्क नाचलो.

चैत्रात लीलाबाईंनी यात्रेला बोलावलं. सगळीकडे मटणाचा घमघमाट, आणि मी पडले जैन, म्हणून माझ्यासाठी बिनकांद्याची आमटी वेगळी. जेवून आम्ही मैदानावर गेलो. हवालदार सरळ हलगीजवळ जाऊन उभे राहिले. लीलाबाईंनी माझा हात घट्ट धरला. हलगीवाल्या हरिबाला त्यांचं दुखणं ठाऊक होतं. त्यानं हात आखडता घेतला.

"का रं हरिबा, हात दुखतोय व्हय? वाजीव की जोरात."

मला रडू आवरलं नाही. हलगी कडाडली, आणि पन्नाशीच्या हवालदारांनी शड्डू ठोकला.